व्यवसाय चालू ठेवून सॉफ्टवेअर बदलण्याचे शोध : कोणते शिकवावेत?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. येत्या सत्रापासून सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मला एक ऐच्छिक विषय शिकवायचा आहे. बँक, कारखाना, विमा कंपनी, रेल्वे अशा मोठ्या संस्थांचे कामकाज ज्या सॉफ्टवेअरवर चालते, ते कसे घडवतात आणि वर्षानुवर्षे कसे सांभाळतात, असा तो विषय आहे. महाविद्यालयात येण्यापूर्वी सोळा वर्षे मी पुण्यात हेच काम केले. विद्यार्थ्यांना आजची साधने चांगली वापरता येतात. परंतु ती साधने कोणत्या अडचणीतून जन्माला आली हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि त्यामुळे साधन बदलले की त्यांचे ज्ञानही जुने होते.

माझे मत असे आहे, की या क्षेत्रातील खरे शोध प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे नाहीत. कामकाज एक दिवसही बंद न ठेवता त्याखालचे सॉफ्टवेअर बदलता यावे, यासाठी कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीपासून वेगळी ठेवायची हे ज्यांना उमगले, त्यांनी लावलेले ते शोध आहेत. व्यवसायाच्या हिशेबासाठी केलेल्या कोबोल या भाषेचेच उदाहरण घ्या. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. तोपर्यंत यंत्र बदलले की हिशेबाचे सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागत. त्या दिवशी व्यवसायाचे नियम यंत्रापासून सुटे झाले. कोबोलच्या लांबलचक वाक्यरचनेविषयी कोणी काहीही म्हणो, हे तिचे योगदान मला फार मोठे वाटते.

दुसरे उदाहरण आयएमएस या आयबीएमच्या माहिती सांभाळणाऱ्या प्रणालीचे. चांद्रमोहिमेच्या सॅटर्न रॉकेटचा एक टप्पा ज्या कंपनीत तयार होत होता, तिच्यापुढे लक्षावधी सुट्या भागांची यादी सांभाळण्याचा प्रश्न होता. आयबीएमने त्या कंपनीच्या आणि कॅटरपिलरच्या लोकांना बरोबर घेऊन १९६६ पासून त्यावर काम केले, आणि १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे त्या प्रणालीच्या टर्मिनलवर ‘रेडी’ हा शब्द उमटला. माहिती डिस्कवर कशी ठेवायची आणि टर्मिनलशी कसे बोलायचे ही दोन्ही कामे तेथे प्रत्येक प्रोग्रॅममधून काढून एका सामाईक प्रणालीकडे सोपवण्यात आली. मात्र माहितीची रचना झाडासारखी होती. यंत्राच्या खाली जोडण्या, जोडणीच्या खाली भाग, भागाखाली खिळे. ‘या जोडणीत कोणते खिळे आहेत?’ हे विचारणे सोपे होते. ‘हा खिळा कोणकोणत्या जोडण्यांत आहे?’ हे विचारायचे झाले, तर त्याची तरतूद आधीच करून ठेवावी लागे आणि प्रोग्रॅमला तो मार्ग ठाऊक असावा लागे.

ही अडचण एडगर कॉड यांनी दूर केली. ते आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत गणितज्ञ होते. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा आरंभच या मागणीने होतो, की माहिती यंत्रात कशी रचली आहे हे ती वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, काय हवे ते वापरणाऱ्याने सांगावे आणि ते कोणत्या वाटेने शोधायचे हे यंत्राने ठरवावे, ही त्यांची मांडणी. पुढे त्याच प्रयोगशाळेत १९७९ साली पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक वाटेचा खर्च आधी अजमावून सर्वांत स्वस्त वाट निवडण्याची पद्धत दाखवली, तेव्हा ही कल्पना व्यवहारात उतरू शकते याची खात्री पटली. आज इंडेक्स, म्हणजे माहिती लवकर सापडावी म्हणून ठेवलेली सूची, वाढवला किंवा काढला तरी पगारपत्रकाचा प्रोग्रॅम बदलावा लागत नाही, याचे मूळ तेथे आहे.

आपल्यापैकी अनेकांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे. पंधरा तासिकांत आणखी कोणते शोध शिकवले पाहिजेत आणि कोणत्या अनुभवाच्या आधारे, हे कृपया विस्ताराने लिहावे.

---

रोजकीर्द

आपण ‘व्यवहार’ ही संकल्पना, म्हणजे एका कामाचे टप्पे सगळे पूर्ण व्हावेत किंवा एकही होऊ नये हा नियम, कशी काय वगळलीत? इंग्रजीत तिला ट्रान्झॅक्शन म्हणतात; आपल्याकडे मात्र तो शब्द हिशेबनीसांच्या तोंडी कितीतरी आधीपासून आहे. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी बँकेत लिपिक म्हणून लागले आणि संगणक विभागातून निवृत्त झाले, म्हणून हे अधिकाराने लिहिते.

नव्वदच्या दशकात आमच्या शाखेतील प्रोग्रॅम साध्या फायलींवर चालत असे. एका सहामाहीच्या शेवटी बचत खात्यांवर व्याज जमा करण्याचे काम चालू असताना वीज गेली आणि त्या दिवशी बॅटरीनेही साथ दिली नाही. यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा काही खात्यांत व्याज जमा झाले होते आणि काहींत नव्हते. कोठपर्यंत काम झाले हे सांगणारी नोंद कोठेच नव्हती. पुन्हा चालवावे तर काहींना दोनदा व्याज मिळणार, न चालवावे तर काहींना मुळीच नाही. आम्ही पाच जणांनी आदल्या दिवशीच्या छापील शिलकेशी रात्रभर एकेक खाते ताडून पाहिले. सकाळी दहा वाजता शाखा उघडली तेव्हाही आमचे तीनशेच्या आसपास खात्यांचे काम शिल्लक होते.

पुढे बँकेने खरी डेटाबेस प्रणाली घेतली आणि तिच्या प्रशिक्षणात मला लॉगची कल्पना समजावून सांगण्यात आली, तेव्हा मी चकितच झाले, कारण ती तर आमची कीर्द-खतावणी होती. व्यवहार घडला की आधी तो रोजकीर्दीत उतरवायचा आणि मग सवडीने त्या त्या खात्याच्या पानावर खतवायचा. खतावणीचे पान फाटले किंवा अर्धवट राहिले तरी कीर्दीवरून ते पुन्हा तयार करता येते. डेटाबेसही हेच करतो. तक्त्यातील पान बदलून डिस्कवर जाण्यापूर्वी त्या बदलाची नोंद लॉगमध्ये पक्की झालेली असली पाहिजे, हा त्याचा मूळ नियम आहे. यंत्र मध्येच बंद पडले तर सुरू होताना लॉग वाचून पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा खतवले जातात आणि अर्धवट राहिलेले मागे घेतले जातात.

जिम ग्रे यांनी ही संकल्पना शास्त्रशुद्धपणे मांडली आणि त्यासाठी त्यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. लॉगवरून पूर्वस्थिती आणण्याची ‘एरीज’ नावाची जी पद्धत पुढे सर्वत्र आदर्श मानली गेली, ती आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

---

भामचंद्र

कृष्णाकाठ सर, मी चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सॅप, म्हणजे कारखान्याचे सारे कामकाज ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर, सांभाळतो. आपल्या विषयाच्या नावातील ‘सांभाळणे’ या भागावर पुस्तकांत फार थोडे सापडते, म्हणून सविस्तर लिहितो.

सॅप ही कंपनी १९७२ साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सुरू केली. त्यांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे आयसीआय या रसायन कंपनीचा तेथील कारखाना. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नव्याने प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी एकच प्रमाण प्रणाली करावी आणि ज्याने त्याने ती आपल्या गरजेप्रमाणे जुळवून घ्यावी, असा त्यांचा विचार होता. पण येथूनच खरी अडचण सुरू होते. गिऱ्हाईक आपले बदल करणार आणि मूळ कंपनी दर काही वर्षांनी नवी आवृत्ती पाठवणार. त्या वेळी गिऱ्हाइकाचे बदल पुसले जाऊ नयेत यासाठी काय करायचे?

त्यांनी काढलेला तोडगा वरवर पाहता अगदी साधा आहे. झेड आणि वाय या अक्षरांनी सुरू होणारी नावे त्यांनी गिऱ्हाइकासाठी राखून ठेवली. आमच्या कारखान्याने लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम आणि प्रत्येक तक्ता झेडने सुरू होतो. मूळ कंपनी त्या नावाचे काहीही कधी पाठवत नाही, त्यामुळे नवी आवृत्ती आली तरी टक्कर होत नाही. पुण्यात सॅपचे काम करणाऱ्या कोणालाही विचारा, ‘ते स्टँडर्ड आहे की झेड आहे?’ हा आमचा दिवसातून दहादा विचारायचा प्रश्न असतो. नावाच्या पहिल्या अक्षरावर मालकी ठरवणे हा मला कॉड यांच्या तक्त्यांच्या तोडीचा शोध वाटतो. आपणांस ही अतिशयोक्ती वाटेल, परंतु माझे तसे प्रामाणिक मत आहे.

दुसरी गोष्ट ट्रान्सपोर्टची, म्हणजे बदल एका प्रणालीतून दुसरीत नेण्याची. आमच्याकडे एकसारख्या तीन प्रणाली असतात: घडवण्याची, तपासण्याची आणि प्रत्यक्ष कामाची. कामाच्या प्रणालीत कोणालाही थेट बदल करता येत नाही. घडवण्याच्या प्रणालीत बदल केला की तो एका क्रमांकित विनंतीत आपोआप नोंदला जातो. ती विनंती मोकळी केली की तपासणीत जाते आणि संबंधित विभागाने होकार दिल्यावरच पुढे. प्रोग्रॅमच नव्हे, तर कराचे दर ठरवणाऱ्या तक्त्यांतील जुळवणीही याच वाटेने जाते. कोणता बदल कोणी, कधी, कोणाच्या संमतीने केला हे दहा वर्षांनंतरही सांगता येते.

या पद्धतीचा एक कच्चा दुवा मी स्वतः अनुभवला आहे. एका नोकरीत असताना आमच्या दोघांच्या हातून एकाच प्रोग्रॅमचे दोन बदल निरनिराळ्या विनंत्यांत गेले. माझा बदल नंतरचा होता, पण त्याला मंजुरी आधी मिळाली आणि तो आधी पुढे गेला. दोन दिवसांनी सहकाऱ्याची जुनी विनंती गेली आणि तिने माझा बदल झाकून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर मालाच्या गाड्या उभ्या आणि चलन छापले जाईना. विनंतीबरोबर पूर्ण प्रोग्रॅम जातो, केवळ बदललेल्या ओळी जात नाहीत, हे त्या दिवशी मला कायमचे समजले. विद्यार्थ्यांना गिट या प्रोग्रॅममधील बदल नोंदवणाऱ्या साधनातील विलीनीकरण, म्हणजे दोघांचे बदल ओळींनुसार एकत्र जुळवणे, शिकवताना हा फरक अवश्य दाखवा.

१ जुलै २०१७ ची मध्यरात्रही शिकवण्यासारखी आहे. जीएसटी लागू झाला तेव्हा देशभरातील कारखान्यांच्या प्रणालींमध्ये कराचा नियम एका क्षणी बदलला. जुन्या नियमाचे व्यवहार मात्र त्या क्षणी संपले नाहीत. ३० जूनला उत्पादन शुल्कासह बाहेर पडलेला माल जुलैत परत येणार होता. ज्यांनी कराचे दर प्रोग्रॅमच्या ओळींत लिहून ठेवले होते त्यांचे फार हाल झाले. ज्यांच्याकडे प्रत्येक दरासोबत ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असे दोन स्तंभ होते, त्यांना जुन्या ओळीची अखेरची तारीख ३० जून करून नवी ओळ घालायची होती. सॅपच्या तक्त्यांत चालू दराची अखेरची तारीख ३१ डिसेंबर ९९९९ अशी दिसते. नवा माणूस ती पाहून बुजतो. नियम बदलतो पण तो कोणत्या दिवशी लागू होता हे कधीच बदलत नाही, हे त्या तारखेमुळे प्रणालीच्या लक्षात राहते.

---

नवी_पालवी

सर्वांचे लेखन मनापासून आवडले, तरी माझे मत थोडे निराळे आहे. मी पाच वर्षांपासून या क्षेत्रात आहे. वरील बहुतेक शोध ‘सगळे एका मोठ्या यंत्रात’ या काळातील आहेत. मी ज्या प्रणालीवर काम करते तिच्यात चाळीसच्या वर सेवा, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे लहान प्रोग्रॅम, आहेत, प्रत्येक सेवेचा डेटाबेस वेगळा आहे आणि आमच्याकडे दिवसातून अनेकदा नवी आवृत्ती चढते. येथे डॉकर आणि कुबेरनेटीस या दोन साधनांशिवाय पानही हलत नाही.

मार्च २०१३ मध्ये डॉकर लोकांसमोर आले, तेव्हा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी सारी सामग्री एकाच बंद पेटीत घालून ती जशीच्या तशी एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याची सोय झाली. ‘माझ्या यंत्रावर तर चालते’ हे वाक्य त्यानंतर कमी ऐकू येऊ लागले. २०१४ साली गूगलने कुबेरनेटीस खुले केले. त्यातील मला भावलेली कल्पना अशी, की आपण आज्ञा द्यायच्या नाहीत, अपेक्षित स्थिती लिहून द्यायची. ‘या सेवेच्या सहा प्रती चालू असाव्यात’ एवढे लिहिले की प्रणाली अखंडपणे प्रत्यक्ष स्थिती तपासत राहते आणि एखादी प्रत पडली तर दुसरी उभी करते. कृष्णाकाठ सर, काय हवे ते सांगावे आणि वाट यंत्राने शोधावी, हीच तर आपण सांगितलेली कॉड यांची मागणी आहे! फक्त ती माहितीऐवजी यंत्रांना लावली आहे.

रोजकीर्द ताई, आपल्याला एक प्रश्न आहे. आमच्याकडे एका मागणीचा व्यवहार साठा, देयक आणि वाहतूक अशा तीन डेटाबेसमध्ये पसरलेला असतो. तिन्हींना एकाच व्यवहारात बांधता येत नाही. मग ‘सगळे किंवा काहीच नाही’ हा नियम आमच्या काळात टिकतो का?

---

रोजकीर्द

पालवी, तुझा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तरही हिशेबाच्या वहीतच आहे.

कीर्दीत चुकीची नोंद झाली तर खाडाखोड करायची नसते. चुकीची नोंद तशीच ठेवून दुसऱ्या ओळीत तिची उलट नोंद घालतात. माझ्या पहिल्या आठवड्यात मी खोडरबर वापरला, तेव्हा आमच्या हेडक्लार्क साहेबांनी मला तासभर समोर बसवून हे समजावले होते. तुमच्या तीन डेटाबेसच्या व्यवहारातही हेच करायचे. साठा राखून ठेवला, देयक फसले, तर राखून ठेवलेला साठा सोडणारी उलट नोंद करायची. १९८७ साली गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी ‘सागा’ या नावाने ही पद्धत मांडली. लांबलेला व्यवहार लहान लहान व्यवहारांत तोडायचा आणि प्रत्येक टप्प्यासाठी त्याची भरपाई करणारा व्यवहार आधीच लिहून ठेवायचा. म्हणजे तुमची गरज नवी असली तरी उत्तर तुमच्या जन्माआधीचे आहे.

मात्र एक फरक विसरू नकोस. खऱ्या व्यवहारात अर्धवट स्थिती बाहेरच्या कोणालाही दिसत नाही. सागामध्ये ती दिसते. साठा राखल्यापासून सोडेपर्यंतच्या काळात दुसऱ्या गिऱ्हाइकाला ‘माल नाही’ असे उत्तर गेलेले असते, आणि ते उत्तर परत घेता येत नाही. दादर आणि पुणे या दोन खिडक्यांवर एकाच वेळी एकाच बर्थची मागणी आली तर ती दोघांना विकली जाऊ नये, यासाठी रेल्वे आरक्षणाच्या प्रणालीत त्या बर्थच्या नोंदीला कुलूप लावावेच लागते, म्हणजे एकाचे काम संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवावे लागते. तेथे नंतर भरपाई करून चालत नाही, कारण प्रवासी गाडीत चढलेला असतो. म्हणून काय तोडायचे आणि काय एकत्र ठेवायचे हे पैशाच्या आणि वस्तूच्या स्वरूपावर ठरते. सेवा किती आहेत यावर ते ठरवू नये.

---

टेम्सतीर

मी लंडनमध्ये एका वित्तसंस्थेत काम करते. अपयशाचे एक पूर्ण उदाहरण अभ्यासक्रमात असावे असे मला वाटते, आणि त्यासाठी १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाईट कॅपिटल या कंपनीचे जे झाले त्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. अमेरिकेच्या बाजार नियामकाने त्याची चौकशी करून ऑक्टोबर २०१३ मध्ये आदेश प्रसिद्ध केला, त्यामुळे तपशील सर्वांना उपलब्ध आहे.

शेअर खरेदी-विक्रीच्या मागण्या बाजारात पाठवणारा कंपनीचा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर चालत असे. बाजाराने नवी सोय सुरू केली म्हणून त्यात नवा भाग घालायचा होता. त्याच जागी ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना भाग होता. तो कित्येक वर्षे वापरात नव्हता, पण कोणी काढलाही नव्हता. मागणी कोणत्या भागाने हाताळायची हे तिच्यावरील खुणेवरून ठरे; नव्या भागासाठी स्वतंत्र खूण घेण्याऐवजी त्या जुन्या भागाचीच खूण पुन्हा वापरण्यात आली. नवी आवृत्ती चढवताना सात सर्व्हरवर ती गेली, आठव्यावर राहिली, आणि दुसऱ्या कोणी ते काम पडताळून पाहावे असा नियमच नव्हता. सकाळी बाजार उघडला. ती खूण असलेल्या मागण्या आठव्या सर्व्हरवर आल्या तेव्हा तेथे झोपलेला जुना भाग जागा झाला आणि मागणी पूर्ण झाली आहे हे लक्षात न घेता शेअरची खरेदी-विक्री करत राहिला. पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

या घटनेतील दोन गोष्टी मला अस्वस्थ करतात. बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने त्या जुन्या भागाचे नाव असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. पण ते धोक्याची सूचना म्हणून वाचायचे असतात असे कोणी ठरवलेले नव्हते. आणि गोंधळ सुरू झाल्यावर लोकांनी नवा भाग सदोष असावा असे समजून तो उरलेल्या सात सर्व्हरवरून काढला, त्यामुळे जुना भाग आठही ठिकाणी जागा झाला. मागे जाणे म्हणजे सुरक्षित होणे असे आपण गृहीत धरतो. खुणेचा अर्थ बदललेला असेल तर मागे जाणेही घातक ठरते.

भामचंद्र यांच्या तीन प्रणाली, पालवीची अपेक्षित स्थिती आणि बँकांतील मेकर-चेकर (एकाने करायचे, दुसऱ्याने तपासायचे) यांपैकी एकही गोष्ट तेथे असती, तर बहुधा हे टळले असते. पेटी आणि अपेक्षित स्थिती असती तर आठवा सर्व्हर मागे राहिलेला यंत्रानेच ओळखला असता.

---

अभ्यासू_वाचक

विषयाला धरूनच एक विचारतो. यांपैकी कशाचे पेटंट घेतले गेले होते का? ‘शोध’ हा शब्द आला की कायद्याची बाजूही विद्यार्थी विचारणारच.

---

कृष्णाकाठ

थोडक्यात लिहितो. सॉफ्टवेअरचे पहिले अमेरिकन पेटंट म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते मार्टिन गेट्झ यांना एप्रिल १९६८ मध्ये माहितीचा क्रम लावण्याच्या पद्धतीसाठी मिळाले. ते अप्लाइड डेटा रिसर्च या कंपनीत होते, आणि त्याच कंपनीचे ‘लायब्ररियन’ हे उत्पादन छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांऐवजी मूळ प्रोग्रॅम यंत्रातच सांभाळून ठेवण्यासाठी होते. जून १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले, तेव्हा सॉफ्टवेअर विकण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहण्याची वाट मोकळी झाली. वेगळे करण्याचे हे आणखी एक उदाहरण, फक्त ते व्यापारातले. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे निव्वळ संगणक प्रोग्रॅम, गणिती पद्धत किंवा व्यवसायाची पद्धत हा शोध मानला जात नाही. तरीही मी विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगेन, की कॉड यांचा लेख आणि त्यानंतरचे आयबीएमचे संशोधनलेख सर्वांना वाचण्यासाठी प्रसिद्ध होते; ओरॅकलच्या संस्थापकांनी ते वाचून १९७९ मध्ये आपला डेटाबेस बाजारात आणला, तोही आयबीएमच्या आधी.

आता मुख्य विषयाकडे येतो. रोजकीर्द ताई, व्यवहाराची संकल्पना वगळण्यात माझी मोठीच चूक झाली. ती मला इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्याशिवायचे जग कसे होते हे मी विसरलो होतो. आपला वीज गेल्याचा प्रसंग मी पहिल्या तासाला सांगेन. भामचंद्र, झेड अक्षराविषयी आपले म्हणणे मला अतिशयोक्ती वाटत नाही. पालवी, कॉड आणि कुबेरनेटीस यांचा जो सांधा आपण दाखवलात तो माझ्या लक्षात आला नव्हता; त्याच्या आधारे मी एक पूर्ण तासिका बांधणार आहे.

एक अडचण उरते. हे सारे फळ्यावर सांगितले तर विद्यार्थी लिहून घेतील आणि विसरतील. सत्राच्या अखेरीस प्रयोगशाळेत चालू प्रणालीचा तक्ता बदलण्याचा अनुभव त्यांना कसा द्यावा?

---

नवी_पालवी

हे मी सुचवू शकते, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्याच हातून असा तक्ता अडकला होता. पोस्टग्रेस हा डेटाबेस मोफत मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो, म्हणून त्यावर दोन प्रयोग करावेत.

पहिला प्रयोग रोजकीर्द ताईंच्या प्रसंगाचा. दोन खाती असलेला तक्ता करावा. पडद्यावर डेटाबेसला आज्ञा देण्याच्या एका खिडकीत व्यवहार सुरू करून एका खात्यातून हजार रुपये वजा करावेत आणि दुसऱ्यात जमा करण्यापूर्वी सर्व्हर तातडीने, सावरायला वेळ न देता बंद करावा. पुन्हा सुरू केल्यावर लॉग वाचून पूर्वस्थिती आणल्याचे संदेश दिसतात आणि हजार रुपये मूळ खात्यातच असतात. संदेश विद्यार्थ्यांनी स्वतः वाचून त्यांचा अर्थ लिहावा.

दुसरा प्रयोग तीन खिडक्यांचा. पन्नास लाख ओळींचा तक्ता भरावा. पहिल्या खिडकीत व्यवहार सुरू करून त्या तक्त्यावर एक साधी चौकशी करावी आणि व्यवहार तसाच उघडा ठेवावा, एखाद्या सहकाऱ्याने जेवायला जाताना ठेवावा तसा. दुसऱ्या खिडकीत त्या तक्त्याला नवा स्तंभ जोडण्याची आज्ञा द्यावी. ती थांबून राहील, कारण तिला पूर्ण तक्त्याचे कुलूप हवे असते. मग तिसऱ्या खिडकीत अगदी साधी चौकशी करावी. तीही थांबते! वाचणाऱ्याने वाचणाऱ्याला अडवायला नको असे विद्यार्थ्यांना वाटते. पण ती चौकशी दुसऱ्या खिडकीच्या मागे रांगेत उभी असते. माझ्या प्रसंगात तिसऱ्या खिडकीच्या जागी आमचे सारे ग्राहक होते. ही आज्ञा देण्यापूर्वी कुलपासाठी किती वेळ थांबायचे याची दोन-तीन सेकंदांची मर्यादा घालावी म्हणजे रांग लागत नाही. आज्ञा फसते आणि थोड्या वेळाने पुन्हा देता येते.

त्यानंतर स्तंभाची रचना बदलण्याचे काम द्यावे, पण जुना प्रोग्रॅम एक क्षणही बंद न पाडता. ‘पत्ता’ या एका स्तंभाचे ‘गाव’ आणि ‘पिनकोड’ असे दोन स्तंभ करायचे आहेत असे समजा. आधी नवे स्तंभ रिकामे जोडायचे. मग दोन्हीकडे लिहिणारी आवृत्ती चढवायची. मग जुन्या ओळी हजार-हजारांच्या तुकड्यांत भरत जायचे, एकदम सगळ्या नव्हेत. ताळा जमला की वाचणे नव्या स्तंभांवर न्यायचे, आणि काही आठवडे काहीही न बिघडल्यावर जुना स्तंभ काढायचा. यातील प्रत्येक पायरी क्रमांक दिलेल्या वेगळ्या फायलीत लिहून गिटमध्ये ठेवायची आणि झालेल्या पायरीचा क्रमांक डेटाबेसमध्येही नोंदायचा, म्हणजे कोणत्या डेटाबेसवर कितवी पायरी झाली हे डेटाबेसच सांगू शकतो. टेम्सतीर यांनी सांगितलेला धडाही येथेच लागू होतो. जुन्या स्तंभात नव्या अर्थाची माहिती कधीही भरू नये.

---

भामचंद्र

पालवी यांच्या दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या जोड्या लावाव्यात. एकाने आज्ञा लिहावी आणि दुसऱ्याने वाचून मंजुरी द्यावी. मंजुरीशिवाय कोणाच्याही खिडकीत ती चालवू नये. मी एखाद्या शनिवारी येऊन ट्रान्सपोर्टच्या नोंदी दाखवू शकतो, अर्थात कारखान्याची माहिती वगळून.

---

रोजकीर्द

माझ्याकडे एक कोरी रोजकीर्द आणि एक कोरी खतावणी आहे. मी जवळच राहते. पहिल्या तासाला दोन्ही वह्या घेऊन येईन आणि विद्यार्थ्यांकडून दहा व्यवहार हाताने लिहून घेईन. सहावा व्यवहार कीर्दीत उतरवून झाला की खतवायच्या आधी मी वही बंद करायला लावीन आणि मग दुसऱ्या विद्यार्थ्याला ती पुरी करायला देईन. आपण फक्त तारीख कळवावी.

---

कृष्णाकाठ

ताई, वेळापत्रक लागले की त्याच दिवशी आपल्याला निरोप पाठवतो. वर्गात ४२ विद्यार्थी आहेत, तेव्हा वह्या आणखी लागतील. त्या मी बाजारपेठेतून आणून ठेवतो.